बिनतारी संदेश आणि अनेक कानांचे शास्त्र



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावासमोर हा विषय वाचून पुष्कळांना छापखान्याची चूक वाटली असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगार, ग्रॅच्युइटी ही आमची नेहमीची गाऱ्हाणी. ती ऐकण्याच्या तयारीने कोणी आले असतील तर त्यांची आज थोडी निराशा होणार आहे. आम्ही कोणत्याही इंजिनियरिंग कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. रात्रशाळा, नगरवाचनालय आणि कारखान्यातले चार जाणते मेस्त्री हेच आमचे गुरुकुल. तेव्हा तज्ज्ञाच्या अधिकाराने आम्ही येथे उभे नाही. एखादी गोष्ट समजून घेण्यासाठी ज्याने खटपट केली, त्याने ती शेजाऱ्यालाही सांगावी, एवढाच आमचा अधिकार.

हा विषय निवडण्याला कारण आहे. संख्या हेच आपले बळ, हे वाक्य आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर इतक्या वेळा उच्चारले आहे की झोपेतही ते तोंडातून निघेल. बिनतारी संदेश घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीही संख्येचे बळ वापरले. पण त्यांनी ते मोजून पाहिले, आणि मोजताना त्या बळाची एक अट त्यांच्या हाती लागली. ती अट आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला लागू आहे. आमच्या मते ती घराला, गावाला आणि संघटनेलाही लागू आहे. आधी यंत्राचे बोलू, मग माणसांचे.

ज्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकले आहे, त्यांना या विषयाची पहिली ओळख घरीच झालेली आहे. गाणे रंगात आलेले असे, आणि एकाएकी आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल जाई. कोणी बटण पिरगाळी, कोणी एरियलची तार हलवी, तोच आवाज आपोआप वर येई आणि तार हलविणारा श्रेय घेई. वास्तविक रेडिओ बिघडलेला नसे, आणि कोलंबोचे केंद्रही बंद पडलेले नसे. वाटेत लहरींना ओहोटी लागलेली असे. इंजिनियर लोक याला फेडिंग म्हणतात. आम्ही आज ओहोटी हाच शब्द वापरू.

ही ओहोटी का लागते? लहर एकाच वाटेने येत नाही म्हणून. पृथ्वीपासून बऱ्याच उंचीवर हवेचे विद्युत्भारित थर आहेत. ॲपलटन आणि बार्नेट यांनी १९२४ साली प्रयोगाने त्यांचे अस्तित्व दाखवून दिले, आणि पुढे १९४७ साली ॲपलटनना नोबेल पारितोषिक मिळाले. लघुलहर या थरांवरून परतून जमिनीवर येते. काही भाग एका उसळीत येतो, काही दोन उसळ्यांत, काही वरच्या थरावरून, काही खालच्या. एकच संदेश असा चार वाटांनी येतो आणि चारही वाटांची लांबी निराळी असते. झोपाळ्याला दोघांनी तालात झोका दिला तर तो उंच जातो. एक पुढे ढकलीत असता दुसऱ्याने त्याच क्षणी मागे ओढले तर झोपाळा जागीच राहतो. लहरींचे तसेच आहे. एका वाटेच्या लहरीचा उंचवटा दुसऱ्या वाटेच्या उंचवट्यावर पडला तर आवाज चढतो, उंचवटा खळग्यात पडला तर दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे थर हलत राहतात, वाटांची लांबी बदलत राहते, म्हणून आवाज चढतो आणि बुडतो.

शहरातल्या मोबाइल फोनचीही हीच कहाणी. तेथे आकाशातल्या थरांऐवजी इमारती, पत्रे, बसगाड्या आणि होर्डिंगे आहेत. टॉवरची लहर या सर्वांवर आपटून आपल्यापर्यंत येते. नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, आणि ओहोटीचे खळगे साधारण तिच्या निम्म्या अंतरावर पडलेले असतात. म्हणजे वीतभरही अंतर न कापता आपण खळग्यातून बाहेर येऊ शकतो. फोनवर बोलताना माणूस नकळत दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे करतो, त्यात वेडेपणा नाही. त्याच्या पायांना हे शास्त्र कळलेले असते.

लॉर्ड रॅले यांनी १८८० साली आवाजाविषयी एक गणित सोडविले होते. एकाच सुराची पुष्कळ कंपने बिनमेळाने एकत्र आली तर त्यांची बेरीज कशी येईल, हा तो प्रश्न. पुढे तेच गणित बिनतारीला चपखल बसले. त्याचा एक निष्कर्ष आम्ही आपणांस लक्षात ठेवण्याची विनंती करतो. लहरी सर्व बाजूंनी अशा बिनमेळाने येत असल्या, तर शंभरातील एक भाग वेळ संदेशाची शक्ती तिच्या सरासरीच्या शंभराव्या हिश्शाखाली गेलेली असते. एका तासात ३६०० सेकंद असतात. त्यातले ३६ सेकंद संदेश जवळजवळ मेलेला असतो. ३६ सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण बुडालेला शब्द "थांबा" असेल तर?

आता या ओहोटीवर उपाय काय? पहिला उपाय कोणालाही सुचेल: केंद्राची शक्ती वाढवा. परंतु खळगा शंभरपट खोल असेल, तर तो भरण्यासाठी शक्तीही शंभरपट पाहिजे. तिजोरी कितीही मोठी असली तरी हा सौदा परवडण्यासारखा नाही.

दुसरा उपाय अमेरिकेत निघाला. आर. सी. ए. कंपनीचे संदेशग्रहण केंद्र न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रिव्हरहेड येथे होते. तेथे हॅरल्ड बेव्हरेज आणि हॅरल्ड पीटरसन हे दोघे समुद्रापलीकडून येणाऱ्या लघुलहरी ऐकत असत. त्यांच्या ध्यानात आले की एका जागी संदेश बुडतो त्याच क्षणी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या यंत्रावर तो शाबूत असतो. मग त्यांनी सुमारे ३०० मीटर अंतरांवर तीन एरियले उभारली, प्रत्येकाला स्वतःचे ग्राहकयंत्र दिले आणि तिन्हींचे उत्पन्न एकत्र जोडले. एक बुडाले की दुसरे सांभाळून घेई. १९३१ साली त्यांनी ही रचना छापून प्रसिद्ध केली. इंग्रजीत हिला डायव्हर्सिटी रिसेप्शन म्हणतात. आम्ही तिला अनेक कानांनी ऐकणे म्हणतो.

लघुलहरींचे हे युग आपल्यापासून दूर नव्हते. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये मार्कोनी पद्धतीची लघुलहरींची तारसेवा सुरू झाली. तिचे संदेश पाठविणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि घेणारे दौंडला. दौंड स्टेशनावर गाडी बदलणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असेल, की इंग्लंडातल्या ग्रिम्सबीहून निघालेले शब्द एके काळी याच माळावर उतरत होते?

आता अनेक कानांनी ऐकलेले एकत्र कसे करावयाचे? येथे यंत्रशास्त्र आमच्या ओळखीच्या प्रांतात येते, कारण हा सभेतल्या मतदानाचाच प्रश्न आहे. त्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली निवडीची: ज्या क्षणी ज्याला स्पष्ट ऐकू येते त्याचेच घ्यावे, बाकीच्यांना गप्प बसवावे. दुसरी समान मताची: सर्वांचे सारखेच मोजून बेरीज करावी. तिसरी वजनाची: ज्याला जितके स्पष्ट ऐकू येते तितके त्याच्या मताला वजन द्यावे, आणि ज्याच्याकडे खरखरच फार त्याचे वजन कमी करावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत बेरजेपूर्वी सर्वांचा सूर जुळवून घ्यावा लागतो. नाहीतर बेरीज करतानाच आपण नवी ओहोटी निर्माण करू. लेनर्ड कान यांनी १९५४ साली वजनाच्या पद्धतीचे गणित मांडले आणि ब्रेनन यांनी १९५९ साली तिन्ही पद्धतींचा एकत्र हिशेब दिला.

या हिशेबात वजनाची पद्धत सर्वांत सरस ठरते. परंतु समान मताची पद्धत तिच्या मागे फारशी राहत नाही. सर्व कान सारख्याच दर्जाचे असले, तर समान मतामुळे होणारे सरासरी नुकसान, कान कितीही वाढविले तरी, शेकडा बावीसच्या आत राहते. दोनच कान असतील तर ते शेकडा अकराच्या आसपास असते. एक माणूस एक मत या तत्त्वावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हा आकडा वाचून समाधान वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एक कान तासात ३६ सेकंद बहिरा असतो, म्हणजे शंभरात एक. दोन कान असतील आणि त्यांच्या ओहोट्या एकमेकींपासून अगदी स्वतंत्र असतील, तर दोघे एकाच क्षणी बहिरे होण्याचा योग शंभराचा शंभराशी गुणाकार करून मिळतो: दहा हजारांत एक. निवडीच्या पद्धतीने तासात सेकंदाचा तिसरा हिस्सा एवढेच नुकसान. तीन स्वतंत्र कान असतील तर दहा लाखांत एक, म्हणजे अकरा-बारा दिवसांत मिळून एक सेकंद. शंभरपट शक्ती वाढवूनही जे साधणे जड, ते दोन साध्या तारांनी साधले.

पण या गुणाकाराच्या पोटात "स्वतंत्र" हा शब्द बसलेला आहे, आणि सारे त्याच्यावर अवलंबून आहे. दोन्ही एरियले एकमेकांना खेटून उभी केली तर एक बुडेल तेव्हा दुसरेही बुडेल. मग कान दोन असोत की दोनशे, बहिरेपण तासाला ३६ सेकंदच. दोन ओहोट्यांच्या या लागेबांध्याला गणितात सहसंबंध म्हणतात आणि तो शून्यापासून एकापर्यंत मोजतात. शून्य म्हणजे दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक म्हणजे दोघांचे नशीब एकच.

ही गोष्ट आम्हांला पहिल्यांदा समजली ती यंत्रावर नव्हे. एका कारखान्यात आमच्या एका सभासदाविरुद्ध अंतर्गत चौकशी चालली होती. व्यवस्थापनाने अकरा साक्षीदार उभे केले. अकरांच्या जबान्या सारख्या, शब्दही सारखे. चौकशी अधिकारी म्हणाले, अकरा माणसे खोटे कशी बोलतील? आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही स्वतः पाहिलेत, की कोणाकडून ऐकलेत? अकराही जणांनी एकाच मुकादमाचे नाव सांगितले. ते अकरा जण खोटे बोलत नव्हते. पण साक्षीदार अकरा नव्हते, एकच होता. त्या साक्षींचा सहसंबंध एक होता.

आता कोणी म्हणेल की व्यवहारात पूर्ण स्वतंत्र असे काय सापडते? थोडाफार लागाबांधा राहणारच, मग हा खटाटोप व्यर्थ. येथेच या शास्त्राने आम्हांला सर्वांत मोठा दिलासा दिला. दोन कानांच्या शक्तींचा सहसंबंध निम्मा असला, म्हणजे अर्धा, तर तासाचे बहिरेपण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावरून सुमारे पाऊण सेकंदावर जाते. म्हणजे दुप्पट झाले. पण ३६ सेकंदांपुढे पाऊण सेकंद म्हणजे काहीच नव्हे. सहसंबंध दहातले नऊ भाग असला, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच दैवाचे असले, तरी बहिरेपण सव्वातीन सेकंदांच्या आसपास राहते, म्हणजे एका कानाच्या दहाव्या हिश्शाइतके. दोघांत एकदशांश वेगळेपण उरले तरी एवढे काम होते. सगळे वेगळेपण संपले की मात्र काही उरत नाही. तात्पर्य, पूर्ण स्वातंत्र्य मिळत नाही म्हणून अर्धे टाकून देऊ नये, आणि संख्या दिसते म्हणून स्वातंत्र्य गृहीत धरू नये.

एक सूक्ष्म भेद येथे सांगितला पाहिजे. पूर्ण सहसंबंध असला तरी जोडीचा काहीच उपयोग नाही असे नव्हे. ओहोटी एक असली तरी प्रत्येक यंत्राची स्वतःची खरखर निराळी असते. दोघांची बेरीज केली की संदेश एकमेकांत मिळतो, खरखर तशी मिळत नाही, आणि संदेशाचे खरखरीशी प्रमाण दुप्पट होते. हा बळाचा फायदा आहे आणि तो वर्गणीसारखा आहे: माणसे दुप्पट, पैसे दुप्पट. परंतु शंभरपट खोल खळग्यात दुप्पट बळ पुरत नाही. तेथे विम्याचा फायदा लागतो, आणि विम्याचा फायदा वेगळेपणातूनच येतो. संघटनेच्या पेटीत वर्गणी आणि विमा ही दोन खाती वेगळी लिहावी लागतात, तशीच येथेही.

मग वेगळेपण मिळवावे कसे? पहिली वाट अंतराची. अंतर किती, याचे उत्तर आपण कोठे उभे आहोत यावर आहे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या फोनभोवती सगळीकडून लहरी येतात. त्याला लहरीच्या निम्म्या लांबीइतके, नऊशे मेगाहर्ट्झला सुमारे १६ सेंटिमीटर अंतर पुरते. टॉवरच्या माथ्यावरच्या एरियलाचे तसे नाही. ते सगळ्या गर्दीच्या वर असते. खालच्या फोनची लहर त्याला एका चिंचोळ्या दिशेनेच दिसते, आणि म्हणून शेजारशेजारच्या दोन एरियलांना जवळजवळ एकच ऐकू येते. तेथे दहा ते वीस लहरींचे, म्हणजे तीन ते सहा मीटरांचे अंतर ठेवावे लागते. जुन्या टॉवरांवर एकाच बाजूला दोन उभ्या पेट्या लांब लांब टांगलेल्या आपण पाहिल्या असतील. त्याचे कारण हे. यातला बोध आम्ही पुढाऱ्यांच्या बैठकीत अनेकदा सांगतो. जो जितका उंच बसतो त्याला तितके एकाच दिशेचे ऐकू येते, आणि वेगळे मत ऐकण्यासाठी त्याला फार दूर जावे लागते. फाटकावर उभे राहणाऱ्याला ते वीतभर अंतरावर मिळते.

दुसरी वाट लहरीच्या कलाची. लहर उभी डोलते किंवा आडवी, आणि इमारतींवर आपटून दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते. एक तार एका बाजूला पंचेचाळीस अंश कललेली आणि दुसरी विरुद्ध बाजूला तितकीच कललेली, अशा दोन तारा एकाच पेटीत बसवल्या की एकाच जागी दोन वेगळे कान मिळतात. तिसरी वाट वेळेची. बोलण्याचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून पाठवितात. एका ओहोटीत सलग दहा तुकडे गेले, तरी पुन्हा लावल्यावर ती भोके विखुरलेली निघतात, आणि त्यांची डागडुजी करता येते. पण फोन एका जागी स्थिर असला आणि तीच जागा नेमकी खळग्याची असली, तर सगळेच पत्ते बुडतात. वेळ गेली तरी परिस्थिती बदलत नाही. अशा वेळी चौथी वाट, लहरीची लांबी बदलण्याची. एका लांबीला जो खळगा, तो दुसरीला असेलच असे नाही. पाचवी वाट सर्वांत गमतीची. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेच्या प्राइस आणि ग्रीन यांनी उशिरा येणारे प्रतिध्वनी फेकून न देता एकेक वेचून, त्यांचा वेळ जुळवून बेरीज करणारे यंत्र मांडले. त्याला त्यांनी शेतकऱ्याच्या अवजाराचे नाव दिले, रेक, म्हणजे आपले दाताळे. जे प्रतिध्वनी ओहोटीला कारण होते, तेच दाताळ्याच्या दातांत येऊन कामाला लागले.

या शास्त्राच्या पुढच्या पायरीवर आपल्या ओळखीची दोन माणसे भेटतात. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. १९५६ साली ते पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून पदवीधर झाले, आणि अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये त्यांनी सतत बदलणाऱ्या वाटांवरील संदेशांचाच अभ्यास केला. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज, तामिळनाडूतले. ते भारतीय नौदलात होते आणि लोणावळ्याच्या नौदलाच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकले. पाणबुड्यांचा आवाज पाण्यात ओळखण्याच्या यंत्रावर त्यांनी आपल्या नौदलासाठी मोठे काम केले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात दोघे एकत्र आले, आणि १९९२ साली त्यांनी एका नव्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९९४ साली मिळाले. कल्पना अशी: पाठविणारी तोंडेही अनेक आणि ऐकणारे कानही अनेक ठेवावेत, आणि प्रत्येक तोंडाने वेगळेच बोलावे. वाटा पुरेशा वेगळ्या असतील तर अनेक कान मिळून त्या बोलण्यांची उकल करू शकतात. त्याच वाटेने, त्याच वेळात, दुप्पट-चौपट मजकूर जातो. आजचे फोन आणि घरातली वायफायची पेटी याच तत्त्वावर चालतात. २०१४ साली पॉलराज यांना मार्कोनी पारितोषिक मिळाले. येथेही अट तीच. सगळ्या वाटा एकसारख्या असतील तर बोलण्यांची उकल होत नाही, गोंगाट होतो.

येथपर्यंत यंत्राचे झाले. पण आम्ही सांगितलेले सगळे उपाय छोट्या खळग्यांवरचे आहेत. घाटात मोटार डोंगराआड जाते तेव्हा फोनची दोन्ही एरियले एकाच काळोखात असतात. तेथे वीतभर अंतर किंवा पंचेचाळीस अंशांचा कल काही करू शकत नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरा टॉवर पाहिजे. म्हणजे आपत्तीचा आकार जेवढा, तेवढे वेगळेपण दूर जाऊन शोधावे लागते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री लाखो माणसे रस्त्यांवर, गाड्यांत, कचेऱ्यांत अडकली. कंपन्या अनेक होत्या, फोनही घरोघर होते; तरी कित्येक भागांत मोबाइल मुका झाला आणि घरचा फोनही मुका झाला. एरियले किती, कंपन्या किती, ही मोजणी त्या रात्री कामी आली नाही. पाणी सर्वांचे एकच होते आणि वीजही. आज आपण खिशात दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे ठेवतो आणि निश्चिंत होतो. पण आपल्याकडे अनेक कंपन्या एकाच टॉवरवर भाड्याने आपली यंत्रे बसवितात. दोन्ही सिमकार्डांची यंत्रे जर त्याच लोखंडावर आणि त्याच बॅटरीवर असतील, तर आपण बिले दोन भरतो, कान मात्र एकच वापरतो. आपल्या नगरपालिकेने, रुग्णालयांनी आणि कारखान्यांनी संकटाच्या सूचनेसाठी दुसरे साधन ठेवले आहे काय, हा प्रश्न अपुरा आहे. पहिले ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने दुसरेही बंद पडेल काय, हा खरा प्रश्न.

आणि शेवटी घराचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत जाणारे पोर होतो. गिरणगावातल्या पुष्कळ घरांत मिळवते हात दोन-दोन, तीन-तीन होते. बाप गिरणीत, काका गिरणीत, थोरला भाऊ बदली कामगार. बाहेरून पाहणारा म्हणे, भरलेले घर आहे. काही घरांत बाई खानावळ चालवी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली ती अशाच कष्टकरी बायांसाठी. खानावळ म्हणजे निराळे उत्पन्न, असे कोणालाही वाटेल. पण खानावळीत जेवणारे तेच गिरणीकामगार. पगार थांबला, माणसे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेली, आणि चूलही थंड पडली. कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी त्याच पगारावर होती. चार मिळकती दिसत होत्या, पण त्यांचे मूळ एकच होते. संपाच्या न्यायान्यायाचा वाद आम्ही आज उकरीत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. इतकेच म्हणतो की त्या माणसांच्या धैर्यात काही उणे नव्हते. त्यांच्या सगळ्या कानांना ओहोटी एकाच क्षणी लागली.

म्हणून आमच्या संघटनेत आम्ही एक आग्रह धरीत आलो आहोत. अडचणीच्या वेळचा निधी एका कारखान्याचा, एका धंद्याचा असू नये. बांधकामवाला, एस. टी. चा वाहक, दवाखान्यातील परिचारिका, साखर कारखान्याचा हंगामी कामगार, अशा वेगवेगळ्या दैवाच्या माणसांनी तो मिळून उभारावा. सभासद म्हणतात, त्या परक्या लोकांशी आमचा संबंध काय? आम्ही उत्तर देतो की संबंध थोडा आहे, फार नाही, म्हणूनच ते आपल्या उपयोगाचे आहेत. ज्या महिन्यात आपण बुडालेले असू त्या महिन्यात ते तरलेले असण्याचा संभव अधिक.

आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखाच बोलणारा आणि आपल्याच वाटेने चालणारा माणूस आपल्याला जवळचा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच्यामुळे आपला आवाज मोठा होतो. पण ज्या क्षणी आपल्याला ऐकू येत नाही त्या क्षणी ज्याला ऐकू येते असा माणूस बहुधा थोडा दूर उभा असतो. त्याला जोडून घेण्याचे काम तारांनी जमते तसे वर्गणीच्या पावतीनेही जमते. आजच्या सभेतून जाताना प्रत्येकाने आपल्या घरच्या दोन आधारांचा एकदा असा हिशेब करावा, एवढी विनंती आहे.